छोट्या कॅम्पिंग ट्रेलरला बाहेरून पेट्या बसवताना

छोट्या ट्रेलरमध्ये झोपायची जागा सोडली तर उरतं काय? चिखलाचे बूट, ओली ताडपत्री, जॅक, चाकांचे अडसर, स्टोव्ह, कोळसा, पाण्याचे कॅन हे सगळं गादीच्या उशाशी घेऊन कुणाला झोपायचंय! म्हणून बाहेर पेट्या लावायचा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतोच. पण मग सगळे टेप घेऊन ट्रेलरभोवती फिरतात आणि कुठे किती जागा मोकळी आहे ते मोजतात. घोळ तिथूनच सुरू होतो. पेटीची जागा वजनावरून ठरते आणि पेटीचा भार चॅसिसने उचलायचा असतो, भिंतीने नाही. एवढं धरून चाललं की बाकीचं बरंचसं काम कुठलाही बरा फॅब्रिकेटर करून देतो.

इथे डोळ्यासमोर ठेवलाय तो एका एक्सलचा, तीनेक मीटर बॉडीचा ट्रेलर: खाली लोखंडी चॅसिस, पुढे गाडीला जोडायचा ए-आकाराचा दांडा म्हणजे ड्रॉबार, वर प्लायवुड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर.

आधी वजनकाटा

ट्रेलर सहलीला निघतो तसा पूर्ण भरा. पाणी, सिलेंडर, अंथरुणं, भांडी, सगळं. मग काट्यावर न्या. भिवंडी बायपास, तुर्भे, तळोजा, जिथे ट्रकांची वर्दळ आहे तिथे काटा सापडतोच. गाडीपासून ट्रेलर सोडवून एकटा उभा करा आणि पावती घ्या. ट्रेलरच्या प्लेटवर किंवा आरसीवर जे कमाल वजन लिहिलंय त्यातून हा आकडा वजा केला की पेट्या आणि त्यातलं सामान मिळून किती भर घालता येईल ते कळतं.

दुसरं मोजमाप घरी होतं आणि तेच जास्त महत्त्वाचं. कपलर, म्हणजे गाडीच्या मागच्या टो बॉलवर बसणारं ड्रॉबारचं तोंड, त्या बॉलवर किती वजनाने टेकतो ते बघायचं. सपाट जमिनीवर चाकांना अडसर लावा, बाथरूमचा वजनकाटा ड्रॉबारच्या तोंडाखाली ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कपलर त्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची अशी निवडा की कपलर गाडीला जोडल्यावर असतो तेवढ्याच उंचीवर राहील. हा आकडा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा. त्यापेक्षा कमी झाला की वेगात ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि नाशिक हायवेच्या उतारावर शेजारून कंटेनर गेला की ते डोलणं सहज हाताबाहेर जातं. जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. तुमच्या टो बारवर, म्हणजे गाडीच्या मागे टो बॉल धरणाऱ्या दांड्यावर, यापेक्षा कमी मर्यादा कोरलेली असेल तर ती मर्यादा पाळायची, टक्केवारी विसरायची.

आता थोडं गणित. ते टाळू नका, पाच मिनिटांचं आहे. कपलरपासून एक्सलपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते 2.4 मीटर आहे. पेटीच्या मध्यापासून एक्सलपर्यंतचं अंतर भागिले 2.4, गुणिले पेटीचं भरलेलं वजन, एवढा भार कपलरवर वाढतो. पेटी एक्सलच्या मागे असेल तर तेवढाच कमी होतो. सी-सॉचाच हिशोब.

समजा भरलेला ट्रेलर 560 किलोचा आहे आणि कपलरवर 58 किलो येतात. म्हणजे 10 टक्क्यांच्या किंचित वर, ठीक. सामानासकट 40 किलोची पेटी ड्रॉबारवर, कपलरपासून 0.6 मीटरवर बसवली तर कपलरवर 30 किलो वाढतात. एकूण 88, म्हणजे जवळजवळ 15 टक्के. टो बारची मर्यादा 75 किलोची असेल तर खेळ संपला. तेच 40 किलो चाकाच्या थोडं पुढे, एक्सलपासून 0.4 मीटरवर, दोन्ही बाजूंना वाटून लावले तर कपलरवर सातएक किलोच वाढतात. आणि 30 किलोची पेटी मागच्या बंपरवर, एक्सलच्या 1.2 मीटर मागे टांगली तर कपलरवरचे 15 किलो जातात, उरतात 43. एकूण वजनाच्या 7 टक्के. असा ट्रेलर घेऊन मी तरी घाटात जाणार नाही.

म्हणून माझी पसंती ठरलेली आहे. जड सामान चाकांच्या लगेच पुढे, दोन्ही बाजूंना, चॅसिसखाली. मध्यम सामान ड्रॉबारवर. मागे पेटी हवीच असेल तर तिच्यात फक्त चटया, घडीच्या खुर्च्या, दोऱ्या. मागची पेटी लोकांना फार आवडते कारण ती लावायला सोपी असते. त्या सोपेपणाला भुलू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला स्वतःच्या मनाने करता येत नाही. बोल्टने लावलेली, काढता येणारी पेटी आणि वेल्ड करून वाढवलेली बॉडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी काम सुरू करण्याआधी रेखाचित्र घेऊन तुमच्या आरटीओत, ठाण्यात एमएच 04 किंवा वाशीत एमएच 43 च्या कार्यालयात, विचारून या. विमा कंपनीलाही मेल टाकून ठेवा. पेटीने नंबर प्लेट, ब्रेक लाइट, इंडिकेटर किंवा रिफ्लेक्टर झाकता कामा नये. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे रिव्हेट एकदा काढले की पुन्हा बसत नाहीत, त्यामुळे प्लेट हलवावी लागेल अशी जागा निवडूच नका.

पुठ्ठ्याची पेटी

फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि हव्या त्या मापाची पेटी कापून, टेप मारून बनवा. ती ट्रेलरला चिकटवा आणि सगळे प्रकार करून बघा.

ड्रॉबारवरच्या पेटीसाठी गाडी जोडून एखाद्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू रिव्हर्स घ्या, मागे एक माणूस उभा करा. पेटीचा कोपरा आणि गाडीचा बंपर यांच्यात सगळ्यात अडचणीच्या कोनातही वीतभर तरी अंतर राहिलं पाहिजे. मग डिकी उघडून बघा. थारसारख्या गाडीत मागचं दार स्टेपनीसकट आडवं उघडतं, त्याला लागणारी जागा बरीच असते. जॉकी व्हीलचं, म्हणजे ड्रॉबारखालच्या छोट्या आधाराच्या चाकाचं, हँडल पूर्ण फिरतंय का तेही तपासा. पेटी बसल्यावर हँडल अर्धंच फिरतं हे लक्षात येणं फार चिडचिडीचं असतं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ट्रेलर ठेवत असाल तर रॅम्पच्या तळाशी थांबा. तिथे गाडीची पाठ आणि ट्रेलरचं तोंड वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात आणि सपाट रस्त्यावर असलेलं अंतर निम्म्यावर येऊ शकतं.

बाजूच्या पेट्यांसाठी चाक बघायचं. खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबतात, चाक वर येतं आणि थोडं पुढे-मागेही सरकतं. टायर आणि पेटी यांच्यात 75 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पेटीचा तळ एक्सलच्या पाइपपेक्षा खाली जाऊ देऊ नका. घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांमधले गतिरोधक कुठल्याही मापात बसवलेले नाहीत, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

पुठ्ठ्यात सामानही भरून बघा. 900 × 400 × 400 मिलिमीटरची पेटी कागदावर 144 लिटरची असते, पण गोल कॅन आणि वाकड्या जॅकने ती केव्हाच भरते.

पत्रा कुठला

वरच्या मापाच्या पेटीला सगळ्या बाजू धरून 1.76 चौरस मीटर पत्रा लागतो. 16 गेजच्या, म्हणजे 1.6 मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्यात ती 22 किलोची होते. 2 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियममध्ये साडेनऊ किलोची, बिजागऱ्या-कड्या धरून 12. लोखंडी पेटीलाही बिजागऱ्या-कड्या लागतातच, त्यामुळे दोन पेट्या म्हटल्या की 25 किलोचा फरक, म्हणजे पाण्याचा एक मोठा कॅन. म्हणून पेटी ॲल्युमिनियमची आणि तिला धरणारी फ्रेम लोखंडाची, हा मेळ मला योग्य वाटतो. 5052 ग्रेडचं ॲल्युमिनियम मिळालं तर उत्तम, खाऱ्या हवेत ते टिकतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात खाडीची हवा सगळीकडे आहेच. चेकर प्लेट दिसायला छान आणि ओरखडे लपवते, पण झाकणाच्या काठाला तिच्या उंचवट्यांमुळे रबर नीट बसत नाही. काठ साध्या पत्र्याचे ठेवा.

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथे लेझर कटिंग आणि बेंडिंग जॉबवर्कवर करून देणारे गाळे आहेत. फ्रेमसाठी पाइप आणि अँगल कळंबोलीच्या लोखंड बाजारात. एका पेटीच्या कामाला मोठा कारखाना हात लावत नाही. लहान गाळ्यात जा, आणि रेखाचित्रात माप आतलं की बाहेरचं ते ठळक लिहा. ॲल्युमिनियमचे कोपरे आर्गन वेल्डिंगने जोडून घ्या. नुसत्या पॉप रिव्हेटवर उभी केलेली पेटी खडखडाटाने दोन पावसाळ्यांत सैल होते.

ट्रकच्या बाजूला लटकणारे तयार टूलबॉक्सही मिळतात. ते दणकट असतात, पण लोखंडी असले तर वजन बघून घ्या.

फ्रेम आणि बोल्ट

ट्रेलर गाळ्यावर नेला की हमखास ऐकू येतं, “साहेब, चॅसिसलाच चार टाके मारून देतो, दोन मिनिटांचं काम.” तेव्हा शांतपणे म्हणायचं, “नको दादा, ट्रेलरला वेल्ड नको. फ्रेम बाहेर बनवा, बसवू बोल्टानेच.” कारणं तीन. ड्रॉबारच्या चॅनेलवर आडवा वेल्ड मारला की तिथे ताण साठतो आणि कालांतराने नेमकी तिथूनच चीर जाते. वेल्डच्या उष्णतेने वरचं प्लायवुड आणि थर्माकोल धुमसू शकतं, आणि ते आतल्या आत धुमसताना बाहेरून दिसत नाही. शिवाय बोल्टची पेटी उद्या उतरवता येते, आरटीओलाही ते समजावणं सोपं जातं.

ड्रॉबारसाठी 40 × 40 × 2 मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपचे दोन आडवे तुकडे घ्या. ते ड्रॉबारच्या दोन्ही पायांवर ठेवून यू-बोल्टने आवळा, किंवा वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये ड्रॉबार असं चिमटीत पकडा. भोक पाडायची गरजच राहत नाही. भोक पाडावंच लागलं तर चॅनेलच्या उभ्या बाजूच्या मधोमध पाडा. वरच्या आणि खालच्या कडांना ड्रिल लावू नका, सगळा ताण तिथेच असतो.

बाजूच्या पेटीसाठी चॅसिसच्या लांब पट्टीपासून खाली येणारे एल-आकाराचे ब्रॅकेट करा. 600 मिलिमीटरच्या पेटीला दोन, 900 च्या पेटीला तीन. पेटीचा तळ ब्रॅकेटच्या आडव्या पायावर बसला पाहिजे, तळाला पूर्ण आधार मिळाला पाहिजे. पेटी नुसती पाठीने लटकवली तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका चार भोकांवर येतो. ट्रेलरच्या भिंतीत स्क्रू मारून पेटी अडकवायचा विचार मनातून काढून टाका. प्लायवुडमध्ये पाणी शिरायला तेवढी जागा पुरते. वरून पेटी डोलू नये म्हणून भिंतीला टेकवायची असेल तर मध्ये रबराची पट्टी ठेवा, बस्स.

फ्रेमचं वेल्डिंग झाल्यावर जोड ब्रशने घासून झिंक प्रायमर मारा, मग रंग. पाइपची उघडी तोंडं टोप्या लावून बंद करा. गाळ्यावर बहुतेक वेळा गंजाच्या थरावरच रेडऑक्साइड फिरवून देतात. रंग कुणी मारायचा ते आधीच ठरवा, शक्यतो तुम्हीच मारा.

लोखंडाच्या फ्रेमवर ॲल्युमिनियम थेट बसवू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी म्हणजे ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जाणार. मध्ये 3 मिलिमीटरची नायलॉन किंवा एचडीपीई या कडक प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि बोल्टाच्या भोकात नायलॉनचा बुश घाला.

एका बोल्टाचा क्रम नीट बघून घ्या. पेटीच्या आतून एम8 चा, म्हणजे 8 मिलिमीटरचा, बोल्ट, त्याच्या डोक्याखाली 50 × 50 मिलिमीटरची 3 मिलिमीटर जाड पट्टी, मग नायलॉनचा वॉशर, पेटीचा तळ, एचडीपीईची पट्टी, फ्रेम, मोठा वॉशर आणि शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्याने तो सहज सैल होत नाही). भोकाभोवती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचं एक वर्तुळ. बोल्टाच्या डोक्याखालची 50 × 50 ची पट्टी वगळली तर भोकाभोवतीचा पत्रा धक्क्यांनी चिरतो, आधी केसाएवढा, मग बोटभर. 8.8 ग्रेडच्या एम8 ला साधारण 25 न्यूटन-मीटर आवळण पुरते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असेल तर त्याहून कमी. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत धरतात आणि मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही, ग्राइंडरनेच कापावा लागतो. आट्यांना ग्रीसचं बोट लावा आणि हाताच्या पान्याने आवळा. ग्रीस लावल्यावर तर आवळण आणखी कमी ठेवा.

ग्राइंडर आणि ड्रिलचं काम शक्यतो गाळ्यावरच उरका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्री फिरली की दहा मिनिटांत सेक्रेटरी खाली उतरतात.

पाऊस आणि धूळ

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. चालत्या ट्रेलरवर तो समोरून झोडपतो, चाकांवरून खालून उडतो. म्हणून झाकणाच्या रबरावर सगळी भिस्त ठेवू नका. पेटीच्या तोंडाचा काठ 20 मिलिमीटर बाहेर वळवून वर उभा केलेला हवा, झाकणाची कड त्याच्यावरून खाली उतरायला हवी. पाणी आधी या वळणाने अडलं पाहिजे, रबर ही दुसरी फळी.

रबर ईपीडीएमचं (ऊन-पावसात टिकणारं), पोकळ नळीचं घ्या. जोड वरच्या बाजूला कधीच नको, खाली मध्यावर ठेवा. झाकण बसल्यावर नळी तिसरा हिस्सा दबली पाहिजे. तपासायला सोपी युक्ती: पेटीच्या काठावर खडू घासा, झाकण लावा, कड्या आवळा, उघडा. रबरावर खडूची अखंड रेघ उमटली तर झालं. रेघ तुटली तिथून पाणी येणार. बहुतेक वेळा ती कोपऱ्यात तुटते, कारण मधोमध एकच कडी लावलेली असते. 600 मिलिमीटरपेक्षा लांब झाकणाला दोन कड्या लावा, टोकांकडे.

अगदी घट्ट पेटीचंही एक दुखणं असतं. उन्हात तापलेल्या पेटीवर अचानक सर आली की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि पेटी रबराच्या फटीतून पाणी आत ओढते. त्यासाठी वरच्या बाजूला, आडोशाला, जाळी लावलेलं छोटं हवेचं भोक ठेवा. तळाच्या दोन कोपऱ्यांत 8 मिलिमीटरची भोकं पाणी जायला. चाकाजवळच्या पेटीत याच भोकांतून चिखल वर येतो, म्हणून त्यांना मागे वळवलेली रबरी नळी लावा. जाळी विसरू नका. पार्किंगमधल्या उंदरांना बिस्किटांचा वास फार लांबून येतो.

बाजूच्या पेटीचं दार वर उघडणारं, बिजागरी वरच्या काठाला असलेलं घ्या. कडी निसटली तरी ते स्वतःच्या वजनाने बंद राहतं. खाली उघडणाऱ्या दाराचं टेबल होतं हे खरं, पण ते रस्त्यात उघडलं तर खाली लोंबत राहतं. दार आडवं उघडणारं असेल तर बिजागरी पुढच्या बाजूला, म्हणजे वारा दार बंदच ठेवेल.

मागच्या पेटीत धूळ सगळ्यात जास्त शिरते. धावत्या ट्रेलरच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ तिथे खेचली जाते. मुरबाडच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागलात की याचा अनुभव येईल.

सीलंट पीयूचा घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सिलिकॉन धातूला खातो आणि त्यावर पुढे रंगही बसत नाही.

गॅस आणि बॅटरी

गॅसची पेटी वेगळी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून त्या पेटीच्या तळालाच उघडी जाळी हवी, किमान 10 × 10 सेंटीमीटरची, आणि ती खाली मोकळ्या हवेत उघडली पाहिजे. ही पेटी हवाबंद करायची नाही, तिच्यात वायर, दिवा, स्विच काहीही नको. तिच्यातून ट्रेलरच्या आत जाणारी फट असेल तर ती बुजवा. सिलेंडर उभा, पट्ट्याने बांधलेला. लेड-ॲसिड बॅटरीचं उलट असतं: चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर जातो, म्हणून तिच्या पेटीला हवेची भोकं वर हवीत. दोन्ही एका पेटीत कधीच नकोत.

रस्त्यावर नेण्याआधी

पेट्या बसल्या की आत वर्तमानपत्र अंथरा आणि पाइपने दहा मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी मारा, खालूनही. कागद कुठे ओला झाला त्यावरून गळती कुठली ते कळतं. पेट्यांच्या बाहेरच्या कडांना रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, कारण आता ट्रेलर रात्री दिसतो त्यापेक्षा रुंद असेल.

मग सामान भरून पुन्हा काट्यावर आणि पुन्हा बाथरूमच्या काट्यावर. कपलरचा आकडा गणिताशी दोन-चार किलोने चुकेल, जास्त चुकला तर मापात काहीतरी गडबड आहे. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर एकच सलग नेलपॉलिशची रेघ मारा. पहिली फेरी जवळची ठेवा, शहापूरपर्यंत जाऊन या. परतल्यावर खाली वाकून बघा: रेघ तुटलेली दिसली तो नट फिरलाय. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळायचे, त्यानंतर प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. त्याच वेळी बिजागऱ्यांना सिलिकॉन स्प्रे, तळाच्या भोकांत तार घालून साफसफाई आणि कुलपाच्या भोकात ग्रॅफाइट. तेल घातलंत तर धूळ चिकटून कुलूप अडेल.

काट्याच्या दोन्ही पावत्या, फॅब्रिकेटरचं बिल आणि पेटी लावण्याआधीचे-नंतरचे फोटो आरसीच्या पाकिटातच ठेवा.